इंडक्शन, गीझर, वॉशिंग मशीन आणि घरची वायरिंग : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

मी नागपुरात घरांच्या वायरिंगची कामं करतो. फोन वर्षभर येतात, पण दोनदा त्यांचा पूर येतो. एकदा मे महिन्यात, आणि एकदा भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसल्या की. त्या दिवशी पन्नास पानं वाढायची असतात, जावा-नणंदा सगळ्या जमलेल्या, इंडक्शनवर पुरण, मिक्सरमध्ये वाटण, बाथरूममध्ये गीझर, आणि ऐन नैवेद्याच्या वेळी अर्ध्या घराची लाइट जाते. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली. हे वाचून स्वतः बोर्ड उघडायला जाऊ नका. वायरमनला काय सांगायचं आणि त्यानं केलेलं काम कसं पाहायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पंधरा वर्षं काही झालं नाही. इंडक्शन घेतलं आणि एमसीबी (जास्त करंट गेला की लाइन तोडणारा खटका) पडायला लागला. शेगडीच खराब आहे का?

बहुतेक वेळा शेगडी ठणठणीत असते. पंधरा वर्षांपूर्वी तुमच्या स्वयंपाकघरात काय होतं ते आठवा. एक ट्यूबलाइट, एक मिक्सर, फार तर फ्रिज. त्या हिशोबानं एकच बोर्ड बसवला आणि त्याची लाइन हॉलच्या बोर्डातून ओढली. आता गणित करा. इंडक्शन २००० वॅट, घरातला दाब २३० व्होल्ट, भागाकार केला की ८.७ अँपिअर. मायक्रोवेव्ह १४०० वॅट, म्हणजे ६ अँपिअर. मिक्सर ७५० वॅट, सव्वातीन. बेरीज १८ अँपिअर, आणि लाइन बसली आहे १० किंवा १६ च्या एमसीबीवर. तो पडणारच, त्याचं कामच ते आहे.

कशाला किती वीज लागते याचा अंदाज उपकरणाच्या आकारावरून बांधू नका. कपाटाएवढा डबल डोअर फ्रिज चालताना दोनशे वॅटच्या आसपास घेतो. चहाचं पाणी उकळायची इवलीशी किटली १५०० घेते. ज्याच्या पोटात काही तापतं ते जड, एसी सोडला तर बाकी सगळं हलकं, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम होतं.

मग १६ चा काढून ३२ चा टाकून दिला तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. खरं तर विचारतात कमी, करून मोकळे होतात जास्त.

एमसीबी तुमच्या इंडक्शनची राखण करत नाही, भिंतीतल्या वायरची करतो. वायरला तिच्या ताकदीपेक्षा जास्त करंट वाहावा लागला की ती तापते, आणि ही उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. दीड एमएमच्या वायरवर ३२ चा एमसीबी बसवला, की एमसीबी शांत आणि वायर भट्टीत. त्रिमूर्तीनगरात एका घरी स्वयंपाकघराच्या टाइल्स हाताला कोमट लागतात म्हणून बोलावलं होतं. पाइपमधून वायर ओढून काढायला गेलो तर निघेचना. आतलं प्लॅस्टिक वितळून तिन्ही वायरी एकमेकींना चिकटल्या होत्या. एमसीबी बदलणाऱ्यानं पंधरा मिनिटांचं काम केलं, आम्हाला भिंत फोडावी लागली.

आधी उपकरण बघायचं, त्यावरून वायर ठरवायची आणि वायरवरून एमसीबी. हा क्रम उलटा करायचा नाही.

कोणत्या उपकरणाला किती एमएमची वायर लागते?

आपण ‘एमएम’ म्हणतो ते खरं म्हणजे चौरस मिलिमीटर, तांब्याच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ. जुने वायरमन अजून गेजमध्ये बोलतात. त्यांनी ‘सात-वीस’ म्हटलं तर ती आजच्या ४ च्या जवळपास समजा.

दिवे-पंख्यांना दीड, त्यावर ६ किंवा १० चा एमसीबी. स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटला किमान अडीच, वर १६ चा एमसीबी. गीझर, एसी आणि कपडे वाळवायचा ड्रायर यांना चार एमएम आणि २० चा एमसीबी, आणि प्रत्येकाची लाइन डीबीपासून, म्हणजे सगळे एमसीबी बसवलेल्या मुख्य डब्यापासून, स्वतंत्र. पाणी गरम करणारं फ्रंट लोड वॉशिंग मशीन आणि डिशवॉशर दोन्ही २००० वॅटच्या आसपास जातात, म्हणून यांनाही एकेकटी लाइन. इंडक्शनचं तेच. टॉप लोड मशीनला हीटर नसेल तर ते चार-पाचशे वॅटमध्ये भागवतं, त्याच्यासाठी एवढा आटापिटा नको. चिमणी आणि आरओ यांना साधा ६ अँपिअरचा पॉइंट भरपूर.

फ्रिजबद्दल मी थोडा हट्टी आहे. तो वीज कमी घेतो, तरी त्याला वेगळी लाइन द्या म्हणून सांगतो. मिक्सरच्या लाइनवर गडबड झाली आणि तुम्ही चार दिवस पचमढीला गेलेले असलात, तर परत आल्यावर फ्रिज उघडवत नाही.

वायर बारीक असली तर नक्की बिघडतं काय? वीज तर जातेच ना?

जाते, पण वाटेत स्वतःचं कमिशन कापून घेते. समजा ३ लिटरचा इन्स्टंट गीझर आहे, ३००० वॅटचा, म्हणजे १३ अँपिअर. डीबीपासून बाथरूम २० मीटर, जाऊन-येऊन वायर ४० मीटर. ती १ एमएमची असेल तर भिंतीतल्या भिंतीत सव्वाशे वॅट जळतात. जुना शंभराचा बल्ब भिंतीत चुनून पेटता ठेवल्यासारखं. हीच वायर ४ एमएमची घेतली तर तिशीच्या आसपास वॅट जातात, तेही पूर्ण लांबीवर पसरून.

दुकानात स्वस्त वायर मिळते. खरी-खोटी ओळखायची कशी?

आयएसआयचा छाप तर बघाच, पण वजनही बघा. अडीच एमएमच्या ९० मीटरच्या बंडलात नुसतं तांबंच दोन किलोच्या आसपास भरतं, प्लॅस्टिक वेगळं. बंडल हातात हलकं लागलं तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असू शकतं. टोक ब्लेडनं खरवडलं की पांढरा रंग दिसतो. वायर जाते भिंतीत, ती बदलणं म्हणजे घर फोडणं. पैसे वाचवायचेच असतील तर झुंबर स्वस्त घ्या.

उन्हाळ्यातच एमसीबी जास्त का पडतात? काही नवीन घेतलं नाही तरी पडतो.

घरगुती एमसीबीवर १६ लिहिलेलं असतं ते ३० अंश तापमानाला धरून. त्याच्या आत दोन धातूंची जोडपट्टी असते, ती तापली की वाकते आणि खटका पाडते. आता आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५, आणि डीबी बसवला आहे गच्चीखालच्या, पश्चिमेच्या भिंतीवर. पट्टी करंट यायच्या आधीच अर्धी तापलेली. मग १६ चा एमसीबी १४-१५ वरही कुरकुरतो. वायरचंही तेच. भिंतच तापलेली असली की वायरला स्वतःची उष्णता टाकायला जागा उरत नाही, म्हणून पुण्याला चालणारं माप नागपुरात एक पायरी चढवून घ्यावं, असं माझं मत. डीबी नवीन बसवत असाल तर जिन्यात, आतल्या भिंतीवर, सावलीत घ्या. आणि डब्यात सगळे खटके खेटून बसवू नका, मध्ये जागा सोडा.

सकाळी, गारव्यातही पडत असेल तर मात्र उन्हाळ्यावर ढकलू नका. कुठे तरी स्क्रू ढिला आहे.

अर्थिंग आहे, तिन्ही पिना आहेत, तरी मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात.

तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे. मी उघडलेल्या कितीतरी बोर्डांत हिरवी वायर सॉकेटपासून निघते आणि बोर्डाच्या मागे कुंडली करून बसलेली असते, पुढे कुठेच जात नाही. त्याहून वाईट म्हणजे अर्थिंग नाही म्हणून सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला, म्हणजे करंटच्या परतीच्या वायरला, जोडून दिलेली. टेस्टरनं, दिव्यानं तपासलं तर सगळं बरोबर दिसतं. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल सुटेल, त्या दिवशी वॉशिंग मशीनचं पूर्ण पत्र्याचं अंग जिवंत होतं. हे कोणी करून ठेवलं असेल तर आजच काढायला लावा.

आता खड्डा. पाइपची अर्थिंग म्हणजे साधारण ४० मिलिमीटरचा, किमान अडीच मीटर लांब गॅल्वनाइज्ड पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. चांगल्या अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत असावा असं आम्ही धरतो. आपल्या शहराच्या पश्चिमेकडे बेसॉल्टवरची काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाइप मातीपासून सुटतो. पावसाळ्यात उत्तम मोजलेली अर्थिंग मे महिन्यात नावापुरती उरलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून खड्ड्याच्या तोंडात उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी टाका. कूलरची टाकी भरायची आठवण राहते, मग ही का नाही? नवीन घरं बांधताना खड्ड्यावर फरशी टाकून मोकळे होतात, नंतर खड्डा कुठे होता ते मालकालाही सांगता येत नाही.

एमसीबी आहे ना, मग आरसीसीबीचा खर्च कशाला?

कारण शॉक लागलेला एमसीबीला कळतच नाही. १६ चा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे जागा होतो. माणूस दगावायला त्याच्या शतांशाहूनही कमी करंट पुरतो. घरासाठीचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती ओळखणारा खटका, ३० मिलिअँपिअरवर तुटतो, म्हणजे एमसीबीच्या पाचशेव्या भागावर. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला पाहिजे, एवढंच तो बघत असतो. मध्ये थोडा जरी कुणाच्या अंगातून किंवा मशीनच्या पत्र्यातून जमिनीत निघाला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन तोडतो.

वरच्या अर्थिंगच्या उत्तराशी याचा संबंध जोडून पाहा. गीझरचा हीटर फुटला आणि टाकीला करंट उतरला. अर्थिंग ५ ओहमची असेल तर २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर जमिनीत जातील, एमसीबी काही सेकंदांनी पडेल. मे महिन्यात तीच अर्थिंग ४० ओहम झाली तर जेमतेम पावणेसहा अँपिअर जातात. एमसीबी जन्मभर पडणार नाही आणि नळ करंट मारत राहील. आरसीसीबी तेव्हाही पडतो. आपल्या मातीत आरसीसीबीला पर्याय नाही असं मी म्हणतो ते या आकड्यांमुळे.

घेताना ३० चाच घ्या. १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, ते माणसासाठी नाहीत. आरसीसीबी जास्त लोडवर किंवा शॉर्टवर पडत नाही, ते काम एमसीबीचं, म्हणून दोन्ही लागतात. त्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर ठीक. पडला नाही तर तो फक्त शोभेचा आहे, बदला.

आरसीसीबी लावला तेव्हापासून दिवसातून तीनदा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका.

वायरमन काढून टाका. गळती आधीपासून होती, आता दिसायला लागली एवढंच. सगळी उपकरणं प्लगमधून उपसा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. आरसीसीबी चढवा. मग एकेक प्लग लावत जा. ज्याच्यावर पडला तो चोर. माझ्या अनुभवात पहिला संशय गीझरच्या हीटरवर, दुसरा फ्रंट लोड मशीनच्या हीटरवर, तिसरा कूलरच्या पाण्यात बुडालेल्या पंपावर. काहीच लावलेलं नसताना पडत असेल तर दोष भिंतीत आहे, किंवा दोन लाइनींचे न्यूट्रल डीबीत एकमेकांत मिसळले आहेत. जुन्या घरात इन्व्हर्टर नंतर जोडताना हे हमखास होतं.

वॉशिंग मशीन मागच्या गॅलरीत ठेवलं तर चालेल? तिथेच कूलर आहे.

मशीन चालेल, पण पॉइंट कुठे आहे ते बघा. नळाच्या खाली, पावसाची झड येते तिथे नको. जमिनीपासून मीटरभर वर, नळापासून बाजूला, झाकणाचं सॉकेट. मशीनला पिवळं-हिरवं टोक आलेलं असतं, ते कापून दोन पिनांचा टॉप लावायचा नाही. एक्स्टेंशन बोर्डावर तर अजिबात नाही. बाजारातल्या बहुतेक बोर्डांची वायर ६ अँपिअरचीच असते, आणि ‘१६ चा टॉप ६ मध्ये बसवणारा’ जो अडॅप्टर मिळतो तो मी घरात ठेवूच देत नाही.

कूलरचं विचारलंच आहे तर सांगतो. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, आणि चालू कूलरमध्ये पाइपनं पाणी. विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं अशीच जातात. पाणी भरताना टॉप भिंतीतून काढायचा, नुसता बंद करायचा नाही. लहान मुलांकडून टाकी भरून घ्यायची नाही. कूलरची लाइनही आरसीसीबीखाली आली पाहिजे.

गीझरचा स्विच बाथरूममध्ये असला तर?

बाहेर घ्या. दोन्ही वायरी एकदम तोडणारा, लाल दिव्याचा डीपी स्विच बसवा. (वायरमनला फोनवर सांगताना ‘डीपी स्विच’ असं पूर्ण म्हणा. आपल्याकडे नुसतं डीपी म्हटलं की चौकातला ट्रान्सफॉर्मर डोळ्यांसमोर येतो.)

संध्याकाळी व्होल्टेज पडतं. शेगडी, गीझर, फ्रिज, कशाकशाला स्टॅबिलायझर लावू?

गीझरला नको. १९० व्होल्टवर त्याची ताकद ६८ टक्क्यांवर येते, पाणी तापायला दीडपट वेळ लागतो, नुकसान काही नाही. खरा त्रास कॉम्प्रेसरला. जुन्या फ्रिजला आणि एसीला स्टॅबिलायझर द्या. नव्या इन्व्हर्टर फ्रिजच्या लेबलवर तो किती व्होल्टपर्यंत तग धरतो ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचा. लाइट जाऊन आली तर कॉम्प्रेसर लगेच सुरू करू नका, तीन-चार मिनिटं थांबा. कोराडी-खापरखेड्याला वीज तयार होते आणि आपल्याकडे मिणमिणते, यावर चिडून उपयोग नाही. गल्लीतली तार आणि ट्रान्सफॉर्मर किती घरं पेलतात त्यावर ते ठरतं.

मागे एकदा अचानक सगळे दिवे लखलखले आणि टीव्ही, मायक्रोवेव्ह एकदम गेले. वीज पडली का?

बहुधा न्यूट्रल तुटला. खांबावरून तीन फेज येतात आणि न्यूट्रल सगळ्यांचा एक. तो सुटला की तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर मिळून ४०० व्होल्टमध्ये एका माळेत अडकतात. ज्याच्याकडे लोड कमी त्याला जास्त व्होल्टेज. म्हणजे काटकसर करणाऱ्याचंच घर जळतं, असा हा न्याय. दिवे विनाकारण तेज किंवा मंद होताना दिसले तर मेन पाडा आणि १९१२ वर महावितरणला कळवा. जास्त व्होल्टेजला लाइन तोडणारं रक्षक यंत्र डीबीत बसवता येतं. टीव्ही-मायक्रोवेव्ह मिळून जेवढ्याला पडले त्यापुढे ते काहीच नाही.

मंजूर भार वाढवावा लागेल का? थ्री फेज घेऊ का?

बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. आधी तो बघा, मग एका वेळी खरोखर काय चालतं त्याची बेरीज करा. घरातल्या सगळ्या वस्तूंची बेरीज नको, एका वेळी चालणाऱ्यांची. गीझर २, इंडक्शन २, मशीन २, एसी दीड, बाकी अर्धा, हे आठ किलोवॅट झाले. एवढं नेहमी होत असेल तर भार वाढवा आणि थ्री फेजचा विचार करा. थ्री फेजला महिन्याचा स्थिर आकार जास्त पडतो हे धरून चला. सकाळी गीझर आटोपल्यावर मशीन लावायचं, एवढी शिस्त घरात असेल तर पुष्कळांचं सिंगल फेजवर निभतं. थ्री फेज घेतलंत तर स्वयंपाकघर, बाथरूम आणि एसी वेगवेगळ्या फेजवर वाटून घ्या. एकाच फेजवर सगळं लटकवून दोन फेज रिकामे ठेवलेले बंगले मी पाहिले आहेत.

इन्व्हर्टरवर फ्रिज, मशीन चालेल?

घरगुती इन्व्हर्टरवर नको. पंखे, दिवे, वायफाय.

महाल भागातलं जुनं घर आहे, लाकडी पट्टीवरची वायरिंग, चिनीमातीचे फ्यूज. सगळं काढावं लागेल?

दिवे-पंख्यांपुरती ती वायरिंग, प्लॅस्टिक कडक होऊन तडकलं नसेल तर, काही वर्षं काढू शकते. तिच्यावर जड उपकरण मात्र एकही टाकू नका. मीटरपासून नवीन डीबी, त्यात आरसीसीबी, आणि स्वयंपाकघर-न्हाणीपुरत्या चार नव्या लाइनी भिंतीवरून पट्टीतून घ्या. मातीच्या भिंती फोडायची गरज नाही. किटकॅटमध्ये (त्या चिनीमातीच्या फ्यूजमध्ये) फ्यूज तारेऐवजी वायरचा तुकडा घातलेला असेल, आणि बहुतेक घरी असतोच, तर ते आज रात्री झोपायच्या आधी वायरमनकडून बदलून घ्या.

कुणाला करंट चिकटला तर?

आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडानं, प्लॅस्टिकच्या खुर्चीनं त्याला वायरपासून सोडवा. हातानं धरायला जाऊ नका. श्वास चालत नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि १०८ ला फोन लावा. बोर्डाला आग लागली तर पाणी मारायचं नाही.

बेसाला नवीन घर बांधतोय. आत्ताच काय काय सांगून ठेवू?

ओटा कुठे, फ्रिज कुठे, सिंक कुठे हे आधी कागदावर काढा, मग वायरमनला बोलवा. ओट्यावर १६ चे किमान तीन पॉइंट, एकमेकांपासून लांब, सिंकपासून हातभर दूर. ओट्याखाली डिशवॉशरसाठी एक पाइप रिकामा टाकून ठेवा, आज घ्यायचा नसला तरी. वॉशिंग मशीनची जागा ठरली की तिथे नळ, पाण्याचा निचरा आणि १६ चा पॉइंट एकदमच. ड्रायरसाठी वेगळी लाइन हवी का, असं विचारतात. आपल्याकडे आठ महिने तारेवरचे कपडे तासाभरात कडक होतात, पण श्रावणात घरभर ओल्या वासाच्या चादरी लोंबतात तेव्हा त्याची आठवण येते, म्हणून पाइप टाकाच.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, नवीन मीटर घेताना त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढा, बाजूला टेप धरून. दोन वर्षांनी ओट्यावर रॅक ठोकताना ड्रिल कुठे चालवायचं, ते त्या फोटोंवरून बघता येईल.